बरोलो इतकी तुरट का? आणि दुसरी बाटली 2037 पर्यंत टिकेल का?

तुरिनचा_नागपूरकर:
मंडळी, वाईनमधलं मला फार कळत नाही हे आधीच सांगतो. नोकरीसाठी तुरिनला असतो. मुलगी 2019 ची, म्हणून ऑफिसातल्या एका इटालियन काकांनी 2019 च्याच बरोलोच्या (इथली नावाजलेली लाल वाईन) दोन बाटल्या दिल्या, सेर्रालुंगा गावच्या, म्हणाले एक आत्ता पी आणि दुसरी पोरगी अठराची झाली की उघड. काल पहिली उघडली. एवढं नाव ऐकलेलं, वाटलं गडद जांभळी असेल, तर ही कोकम सरबतासारखी आरपार, कडेला जराशी विटकरी. वास मस्त होता पण घोट घेतला आणि कच्ची सुपारी चावल्यासारखं झालं, जीभ टाळ्याला चिकटली. बायको म्हणे खराब झालीये, ओत बेसिनमध्ये. अर्धी बूच लावून ठेवलीय. खरंच खराब आहे का? आणि आत्ताच ही गत तर 2037 ला काय, व्हिनेगर?

द्राक्षवाला_नाशिक:
अहो ओतू नका!! मी काही वर्षं इकडे वायनरीत होतो म्हणून सांगतो, तुम्ही जे लिहिलंय ना, फिका रंग, विटकरी कड, तुरटपणा, ते सगळं नेब्बिओलो द्राक्षाचंच वर्णन आहे. बरोलो फक्त याच एका द्राक्षाची. सालीत टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा पदार्थ, भरपूर पण रंग कमी आणि तोही लवकर उतरणारा, त्यामुळे दिसायला नाजूक आणि तोंडात गेली की पैलवान. द्राक्ष पिकतं पण उशिरा, ऑक्टोबरात, तोवर त्या टेकड्यांवर धुकं उतरलेलं असतं. धुक्याला इटालियनमध्ये नेब्बिया, नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण मानतात.

तुरटपणाचं कारण म्हणजे टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, लाळेचा बुळबुळीतपणा गेला की तोंड कोरडं. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं ना, तेच. वर्षानुवर्षं बाटलीत टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगाला चिकटत जातात, काही जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात, आणि वाईन मऊ होते. वासही बदलतो, आत्ता गुलाब आणि चेरी आला असेल, पुढे डांबर, सुकं चामडं, सुकलेली पानं. डांबर वाचून घाबरू नका, बरोलोचं कौतुकच तसं करतात.

कायद्यानेच हिला 38 महिने ठेवावं लागतं, त्यातले 18 लाकडात, रिझर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर 62 महिने. म्हणजे 2019 ची बाजारात आली तीच 2023 ला. तुमची अजून पोर आहे. त्यात सेर्रालुंगाची जमीन जुनी आणि चुनखडीची, तिथली बरोलो सगळ्यात कडक समजतात. ला मोर्रा गावची असती तर एवढी चावली नसती.

मिसळप्रेमी:
एक प्रश्न, खाल्लं काय होतं सोबत? 😄

तुरिनचा_नागपूरकर:
चिवडा. आईने पाठवलेला, तिखट.

मिसळप्रेमी:
झालं मग! तिखटाने तुरटपणा दुप्पट लागतो. हिला लोणी, चीज, शिजवलेलं मांस लागतं, टॅनिनला पकडायला दुसरं काहीतरी मिळतं मग ते लाळेचा नाद सोडतं. तिकडचे लोक मांसच बरोलोत शिजवतात, ब्रासातो म्हणतात. घरी तूप घालून साधी खिचडी केलीत तरी चिवड्यापेक्षा बरी.

ठाण्याची_मावशी:
2037 चं म्हणाल तर वाईन टिकेल हो, ठेवणारा टिकायला हवा. माझी एक चांगली बाटली स्वयंपाकघरातल्या माळ्यावर उभी ठेवली होती, दोन मे महिने गेले, बूच वर आलं आणि आतली आमसुलाच्या पाण्यासारखी झाली. चूक माझीच. आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं, अंधारात, 12-14 अंशाला, आणि दर आठवड्याला काढून बघू नका. नागपूरला तर नेऊच नका!! त्या काकांच्या तळघरात जागा असेल तर तिथेच राहू द्या.

जुनी_पिंपं:
द्राक्षवाल्यांशी बऱ्यापैकी सहमत, फक्त सगळ्याच बरोलो इतकी वर्षं मागत नाहीत. 80 च्या दशकात काही तरुण मंडळींनी साली कमी दिवस भिजवल्या, लहान फ्रेंच पिंपं आणली, म्हणजे वाईन लवकर पिण्यासारखी होईल. त्यांच्यातल्याच एलियो अल्तारे या वाईनवाल्याने तर 1983 मध्ये वडिलांची जुनी मोठी पिंपं चेनसॉने कापून काढली, वडिलांनी त्याला वारसातून काढलं. दुसऱ्या टोकाला जुन्या पद्धतीचे वाईनवाले बार्तोलो मास्कारेल्लो, त्यांनी लेबलवरच लिहिलं, बारिक नको आणि बर्लुस्कोनी (इटलीचा राजकारणी) पण नको. बारिक म्हणजे तीच छोटी पिंपं, त्यांनी वाईनला व्हॅनिलाचा वास येतो. मला विचाराल तर मास्कारेल्लो म्हाताऱ्याचं बरोबर होतं, व्हॅनिलाचा वास हवा असेल तर माणसाने आईस्क्रीम खावं. पण हल्ली दोन्ही बाजू बऱ्याच जवळ आल्यात. तुमची कोणत्या घराण्याची आहे ते काकांना विचारा, त्यावरून 2037 चा अंदाज येईल. उरलेली अर्धी आज जेवताना परत चाखा, कळवा.

तुरिनचा_नागपूरकर:
चाखली. खिचडी, तूप, वर थोडं परमेसान. तुरट आहेच पण कालच्यासारखी अंगावर येत नाही, आणि मागून खरंच गुलाबासारखं काहीतरी येतं. बायकोने माझा ग्लास स्वतःकडे ओढला. काकांना फोन केला, म्हणाले मोठ्या पिंपातली आहे, आणि तळघरात जागा आहे पण बाटलीवर पोरीचं नाव लिहून आण, नाहीतर माझा जावई पिऊन टाकेल.