व्हिडिओ एडिटिंग आणि कीबोर्ड शॉर्टकट : तुमचे अनुभव लिहा

कात्रीवाली :
काल भाचीला लॅपटॉपवर व्हिडिओ कापताना पाहिलं आणि जुने दिवस आठवले. ट्रॅकपॅडवर बोट घासत ती कात्रीचं चिन्ह शोधते, क्लिप कापते, पुन्हा बाणाच्या चिन्हाकडे जाते, नको असलेला तुकडा निवडते, डिलीट करते आणि मग मधली रिकामी जागा ओढून बंद करते. एका कटसाठी एवढी यातायात!

मी ज्या काकांच्या शेजारी बसून शिकले, त्यांची बोटं कायम 'जे', 'के', 'एल'वर असायची. 'एल'ने पुढे, 'जे'ने मागे, 'के'ने थांबायचं. मुलाखतीत समोरचा माणूस वाक्य संपवून श्वास घ्यायचा आणि नेमक्या त्या क्षणी काकांचं बोट 'के'वर पडायचं. कीबोर्डकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. शॉर्टकटने वेळ वाचतो हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की नजर चेहऱ्यावरून हलत नाही. चिन्ह शोधायला गेलेली नजर परत येईपर्यंत तो श्वास निघून गेलेला असतो.

तुम्ही कसे शिकलात? बोटांत काय बसलं? लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

रात्रपाळी :
'क्यू' आणि 'डब्ल्यू'!! प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लेहेडच्या मागचा भाग 'क्यू'ने उडतो, पुढचा 'डब्ल्यू'ने. मधली जागा आपोआप बंद. लांबलचक मुलाखतीची पहिली छाटणी मी फक्त 'एल', 'क्यू', 'डब्ल्यू'वर करतो. भाचीला आधी हेच शिकवा.

नवशिकी_२ :
प्लेहेड म्हणजे टाइमलाइनवरची, क्लिप ओळीने मांडतात त्या पट्टीवरची, उभी रेघ ना?

रात्रपाळी :
हो तीच.

टेपवाला :
ताई, बरं झालं विषय काढलात. आम्ही टेपवर शिकलो. तिथे गोल चकती असायची, थोडी फिरवली की टेप हळू, जास्त फिरवली की पळायची. मधे एक शॉट घुसवायचा म्हटलं की त्यापुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागायचं, म्हणून कट करण्याआधी माणूस दहादा विचार करायचा. कम्प्युटर आला तेव्हा मला ती चकती हातातून गेल्याचं फार वाईट वाटलं होतं. मग 'जे-के-एल' सापडलं. 'एल' पुन्हा पुन्हा दाबला की वेग वाढत जातो. 'के' दाबून ठेवून 'एल' धरला की संथ चालतं, आवाजही ताणून ऐकू येतो, त्यामुळे शब्द नेमका कुठे संपतो ते कानाला कळतं. 'के' धरून 'एल' एकदाच टिचकीसारखा मारला की एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, पुढे. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. एवढा बारकावा दोन बोटांत मिळतो, अजून काय हवं.

कात्रीवाली :
काका, 'के' धरून 'एल'चं मी भाचीला आजच दाखवते.

मनगट :
मी आवडीने नाही, दुखण्यामुळे शिकले. दिवसभर ट्रॅकपॅडवर क्लिप ओढून ओढून मनगट रात्री ठणकायचं. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, ओढणं कमी करा. मग रोज एक शॉर्टकट पक्का करायचं ठरवलं, चिठ्ठी स्क्रीनच्या कडेला चिकटवायची आणि सवय झाली की काढून टाकायची. मनगट आता खूपच बरं आहे. मुलाला आणायला निघालेय, बाकी नंतर लिहिते.

टेपवाला :
काळजी घ्या ताई. दुखणं अंगावर काढू नका.

सबटायटलवाली :
माझं दुखणं वेगळंच. मराठी सबटायटल टाइप करायला कीबोर्ड मराठीत घ्यायचा आणि तो तसाच राहतो. मग 'के' दाबा नाहीतर 'जे', माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ढिम्म हलत नाही काही. आणि टायटलच्या चौकटीत कर्सर असेल तर मजकुरात 'क' उमटतो! विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा बदलते. आता टायपिंग संपलं की अंगठा आपोआप तिकडे जातो.

नवशिकी_२ :
अगं बाई, म्हणजे माझा लॅपटॉप बिघडलेला नाहीये?? थँक्यू थँक्यू

सबटायटलवाली :
😄 नाही गं. आणि तरीही चालेना तर कुठलं पॅनल, म्हणजे स्क्रीनवरचा कुठला कप्पा, चालू आहे ते बघ. प्रीमियरमध्ये चालू पॅनलभोवती निळी चौकट दिसते. ती टाइमलाइनभोवती नसेल तर तुझं बटण भलत्याच ठिकाणी लागू होतं.

डावखुरी :
माझा माउस डाव्या हातात, त्यामुळे 'जे-के-एल' जणू माझ्यासाठीच केलंय असं वाटतं. उजवा हात तिथून हलत नाही. 'आय' आणि 'ओ', म्हणजे कुठून कुठपर्यंत घ्यायचं त्या खुणा, वरच्याच ओळीत. अडचण 'क्यू-डब्ल्यू'ची, ती पार डावीकडे. कंट्रोल-ऑल्ट-के दाबलं की प्रीमियरमध्ये शॉर्टकटची खिडकी उघडते, तिथून मी ती दोन्ही उजवीकडे आणून ठेवली. 'पी'वर पेन टूल होतं, ते मला लागत नाही, म्हणून ती जागा घेतली. डावखुऱ्यांनो, दुसऱ्यांच्या यादीप्रमाणे हात वाकडे करू नका. कीबोर्ड आपल्या हाताप्रमाणे बदलून घ्या.

रात्रपाळी :
हे भारी आहे. माझा धाकटा भाऊ डावखुरा आहे, त्याला पाठवतो.

छोटा_लॅपटॉप :
लॅपटॉपवर खरी पंचाईत वेगळीच असते. होम आणि एंडला वेगळं बटण नाही, एफएन धरा. आकड्यांचा वेगळा पट्टा नाही. स्क्रीन एवढीशी, त्यात टाइमलाइन चिंचोळी. दोन गोष्टींनी माझं काम सोपं केलं. बॅकस्लॅश दाबला की अख्खी टाइमलाइन एका नजरेत मावते. आणि एस्केपच्या खालचं बटण (ज्यावर लहरी रेघ असते), ते दाबलं की माउस ज्या पॅनलवर आहे ते स्क्रीनभर मोठं होतं, पुन्हा दाबलं की पूर्ववत. हे प्रीमियरचं सांगतोय.

दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलो तेव्हा बोटं जुन्याच जागी पडायची. पण त्यात प्रीमियरची कीबोर्ड मांडणी तयार मिळते, ती निवडली. मूळ मांडणी ठेवायची असेल तर एवढं लक्षात ठेवा : बॅकस्पेसने क्लिप जाते पण जागा रिकामी राहते, डिलीटने जागाही बंद होते. मॅकबुकवर डिलीट लिहिलेलं बटण खरं तर बॅकस्पेसचं काम करतं, तिथे एफएन धरून दाबायचं.

मनगट :
आले परत. ते मॅकबुकचं वाचून डोक्यावरचं ओझं उतरलं. केव्हापासून हाताने गॅप बंद करत होते.

टेपवाला :
कात्रीवाली ताई, भाची कशाचा व्हिडिओ करतेय?

कात्रीवाली :
आजीच्या आठवणींचा. आजी बोलता बोलता खूप थांबते आणि भाची ते सगळे थांबे कापायला निघाली होती. काही राहू दे म्हटलं.

टेपवाला :
राहू द्याच. त्या थांब्यांत आजी आहे.

कात्रीवाली :
हो ना. बरं, ती शॉटकट नावाचं सॉफ्टवेअर वापरते. 'क्यू-डब्ल्यू' तिथे चालेल का?

छोटा_लॅपटॉप :
तिथे वेगळं. 'जे-के-एल' तेच आहे. 'एस'ने प्लेहेडवर कट, मग नको तो तुकडा निवडून 'एक्स', म्हणजे जागाही बंद. 'झेड'ने फक्त तुकडा उचलला जातो, जागा तशीच राहते. पार्श्वसंगीत वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे टाइमलाइनच्या वेगळ्या ओळीवर, असेल आणि पुढची दृश्यं त्याच्याशी जुळवलेली असतील तर 'झेड' वापरायला सांगा, नाहीतर ती जुळणी सरकते. आणि ज्या ट्रॅकवर कापायचंय तोच निवडलेला असू दे.