आईचा विसराळूपणा: सुडोकू, बदाम की अजून काही?

रानजाई
मंडळी, जरा सल्ला हवाय. आई ६९ वर्षांची, बाबा गेल्यावर मिरजेहून आमच्याकडे वाकडला राहायला आलीये. हल्ली नावं पटकन आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवून विसरते, एकच गोष्ट दोनदा सांगते. हिशोब मात्र चोख, दूधवाल्याचे खाडे अजून तोंडपाठ. भावाने टॅबवर मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप टाकून दिलंय, मावशी म्हणते ब्राह्मी आणि भिजवलेले बदाम, नवरा म्हणतो सुडोकू. आईला सुडोकूचा मनापासून कंटाळा. रोजच्या राहणीत काय बदललं तर खरंच उपयोग होतो? शाकाहारी आहे, बीपीची गोळी आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे.

चहाबाज
सुडोकूने माणूस सुडोकूत हुशार होतो, दूध उतू जायचं थांबत नाही 😄 अ‍ॅपचंही तसंच. आवडत असेल तर खेळू दे, नसेल तर कशाला छळता माऊलीला.

कडूकिराईत
ताई, मी जनरल प्रॅक्टिस करते, मेंदूची स्पेशालिस्ट नाही, तरी थोडं सांगते. सवयींच्या आधी रक्त तपासा. शाकाहारी आणि वर मेटफॉर्मिन म्हणजे बी१२ कमी असण्याची शक्यता चांगलीच आहे, कारण ही गोळी बराच काळ घेतली की बी१२ नीट शोषलं जात नाही, आणि बी१२ कमी झालं की विसरायला होतं, हातापायांना मुंग्या येतात, आणि घरचे म्हणतात वय झालं. थायरॉइडही बघा. झोपेची किंवा सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी आपल्या मनाने घेतात का विचारा, जुन्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो. शिवाय यजमान गेलेत, घर सुटलंय, उदासी विसराळूपणासारखीच दिसते.

आता सवयी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनचा २०२४चा रिपोर्ट आहे, त्यात डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) १४ टाळता येण्यासारखे धोके दिलेत आणि हे सगळे आवरले तर जगातल्या साधारण ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा अंदाज आहे. त्या यादीत बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, बसून राहणं, एकटेपणा असं सगळं आहे, आणि ज्याच्याकडे आपल्याकडे कुणी बघतच नाही ते म्हणजे कान आणि डोळे. बदाम यादीत नाहीत. खाऊ देत, वाईट काही नाही, पण बदाम देऊन बीपीची गोळी चुकवली तर काय कामाचं.

रानजाई
कान!! टीव्ही एवढा मोठा लावते की लिफ्टपाशी ऐकू येतो. आणि फोनवर नुसतं हं हं करते. आम्हाला वाटायचं लक्ष नाही.

कडूकिराईत
मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं त्याची तपासणी, करून घ्याच. नाव नीट ऐकूच आलं नाही तर ते लक्षात कुठून राहणार? आणि ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत बसायचं टाळतो, तो तोटा वेगळाच.

सांगलीकर_बाळ्या
मिरजेची माणसं म्हणजे कानडी येत असणारच. हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये डिमेन्शियाच्या ६४८ पेशंटचा अभ्यास झाला होता, २०१३ला छापून आला, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा आला होता, शाळेत न गेलेल्यांतही फरक दिसला. आता भाषेमुळेच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण सोसायटीत एखादी कानडी काकू शोधून द्या, फुकटचं औषध आहे. माझ्या मते तुमच्या आईची खरी अडचण अकरावा मजला आहे (किंवा जो असेल तो). मिरजेत दिवसातनं दहा माणसं दारावरनं जाताना हाक मारत असतील, भाजीला चालत जाणं, देवळात जाणं, भिशी, भजन. तिकडं चालणं आणि बोलणं आपोआप व्हायचं, इथं ते मुद्दाम घडवून आणावं लागतंय.

परखड_पांडू
काही होत नाही हो. आमची आजी मिश्री लावायची, नव्वदी पार केली, पणतवंडांची नावं सुद्धा पाठ.

चहाबाज
पांडूशेठ, आजी दिवसभर शेतात राबत पण असेल की. मिश्री तेवढी लक्षात राहिली तुमच्या.

हिरवी_चटणी
चालण्याबद्दल +१. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर प्रयोग झाला होता (२०११), वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचं काम करणारा मेंदूचा भाग, २ टक्क्यांनी वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा घटला. फिनलंडमध्ये १२६० लोकांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूला चालना आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र केलं, त्यात नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा बरा निकाल आला. एकेकट्या उपायाच्या मागे लागू नका एवढंच. खाण्यात फिनलंडची बेरी शोधत बसू नका, भाकरी, पालेभाजी, उसळ, जवसाची चटणी चालते. मीठ मात्र दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापड-शेंगदाण्याची खारट चटणी तिन्ही एका ताटात नको. रात्रीच्या सिरियली आणि दुपारची लांबलचक झोप दोन्ही कमी केलं तर रात्री झोप चांगली लागेल.

रानजाई
सगळ्यांना थँक्यू. बी१२ खरंच कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत. कानाच्या मशीनला मात्र ठाम नकार, म्हणते म्हातारी दिसेन. काय करू? मशीनने डिमेन्शिया टळतो असं सांगू का?

कडूकिराईत
तसं सांगू नका. २०२३मध्ये अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, तीन वर्षं, त्यात सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही, ज्यांना धोका जास्त होता त्यांच्यात स्मरणशक्ती-विचारशक्तीची घसरण बरीच मंदावली. नातवंडं काय बोलतात ते ऐकू येईल एवढं सांगा, ते खरं आहे. आधी कानात मळ आहे का ते बघून घ्या, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. मशीन घेतलंच तर जिथे महिनाभर ट्रायल देतात तिथूनच घ्या, पहिल्या दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घालून नेऊ नका. घरात, शांत खोलीत, दिवसातून थोडा वेळ. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून काही जण पहिल्या आठवड्यातच ते कपाटात टाकतात, तेव्हा जरा नेट लावा आणि आवाज कमी-जास्त करायला परत त्यांच्याकडे जा.