मदत हवी आहे: खाली बसवलेल्या पद्मिनीला स्प्रिंग आणि शॉकअप कोणते घ्यावेत?

शेडमधली_फियाट:

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ची, बाबांची. आठ वर्षं शेडमध्ये कव्हरखाली होती, गेल्या दिवाळीत बाहेर काढली. रंग झाला, सीट शिवून झाल्या, १०८९ सीसीचं मूळचं इंजिन गोड चालतंय. पुढचा घोळ मात्र मी स्वतः घातलाय.

गाडी जरा खाली बसलेली दिसावी अशी हौस. एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापून घेतला. मागे गोल स्प्रिंगांऐवजी पाटे असल्यामुळे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये दीड इंची लोखंडी ठोकळे टाकले. मला झकास वाटली. बाबा म्हणाले, "हवा गेलीय का रे चारही चाकांतली?"

आता त्रास असा. स्पीडब्रेकरवर पुढून 'ठाक्' आवाज येतो, स्टिअरिंगपर्यंत दणका बसतो. पुलांच्या सांध्यांवरून गेलं की मागचा भाग तीन-चार वेळा झुलत राहतो. पुढचे शॉकअप नवे, स्टँडर्ड मापाचे टाकले होते, त्यातला डावा चार महिन्यांत गळायला लागला. मागचे जुनेच आहेत. दुकानदार म्हणतो चारही शॉकअप गॅस भरलेले टाका. मिस्त्री म्हणतो स्प्रिंग जाड तारेची करून घ्या. दोन्ही करून पैसे वाया जायला नकोत म्हणून इथे विचारतोय. गाडी मूळ उंचीपेक्षा थोडी खालीच हवी आहे, हे आधीच सांगतो. "परत होती तशी कर" सोडून सल्ला द्या.

उद्यमनगरचा_बंड्या:

भावा, "होती तशी कर" हेच लिहिणार होतो, पण ऱ्हाऊ दे.

स्प्रिंग कापली कशानं? ग्राइंडरनं की गॅसनं? गॅसनं कापली असेल तर ती भंगारात टाक. तापलेल्या जागी स्प्रिंगचं पाणी उतरतं, मग ती बसते नाहीतर तुटते. आणि गाडी पुढून जॅकवर घे, चाक पूर्ण लोंबकळू दे, मग स्प्रिंग हातानं हलवून बघ. बैठकीत सैल झाली तर मोठ्या खड्ड्यात ती जागा सोडणार.

शेडमधली_फियाट:

ग्राइंडरनं, मी समोर उभा होतो. जॅकवर घेतल्यावर हलत नाही. पण कापलेलं टोक बैठकीत नीट टेकत नाही, एका बाजूला बोट जाईल एवढी फट आहे.

मोजपट्टी:

दोन वेगळे आजार आहेत, एकाच औषधानं जाणार नाहीत.

पुढचं बघू. स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. समजा मूळचे चालते (दबणारे) वेढे आठ होते. दीड गेले, साडेसहा राहिले. आठ भागिले साडेसहा, म्हणजे साधारण २३ टक्के कडक. ही वाढ काही वाईट नाही, खाली बसलेल्या गाडीला थोडी कडक स्प्रिंग लागतेच. पण मिस्त्रींच्या जाड तारेच्या नादी लागू नका. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिमीच्या जागी १३ मिमी तार घेतली तर इतर सगळं तेच ठेवून ३८ टक्के वाढ होते. एवढ्या हलक्या गाडीत पाठीचे मणके मोजाल.

उंचीचाही हिशेब फसवा आहे. स्प्रिंग चाकावर नसते, चाक धरणाऱ्या आर्मवर आत बसते. ती आर्मच्या आतल्या टोकापासून ६० टक्के लांबीवर असेल तर स्प्रिंगमधले ३० मिमी चाकाशी ५० मिमी होतात. म्हणून "थोडीशीच कापली" म्हणणाऱ्यांच्या गाड्या जमिनीला टेकतात.

शॉकअपचं म्हणाल तर २३ टक्के कडक स्प्रिंगला आवर घालायला शॉकअपचा साधारण ११ टक्के जास्त रोध पुरतो, तेवढ्यासाठी महागडं काही नको. तुमचा शॉकअप गळला तो आतून ठोकर खाऊन, असा माझा अंदाज. गाडी उभी असतानाच तो बराच आत गेलेला असतो, मग स्पीडब्रेकरवर दांडा तळाला आपटतो. आपटणं थांबवायचं काम बंप रबराचं (आर्म वर आला की मध्ये येणाऱ्या रबरी ठोकळ्याचं) आहे, शॉकअपचं नव्हे. तेव्हा गॅस की तेल हा प्रश्न नंतरचा, बंद (पूर्ण दाबलेली) लांबी किती हा पहिला.

मोजायचं असं: गाडी सपाट जागी, नेहमीचं वजन आत. शॉकअपच्या दोन टोकांमधलं अंतर घ्या. त्यातून शॉकअपची पूर्ण दाबलेली लांबी वजा करा. ५० मिमीपेक्षा कमी उरलं तर मी तो शॉकअप लावणार नाही. शिवाय बंप रबरावर कणकेचा गोळा चिकटवा आणि स्पीडब्रेकर ओलांडा. गोळा चेपला तर रबर काम करतंय. नुसताच ठाक् झाला आणि गोळा जाडच राहिला, तर शॉकअप आधी आपटतोय.

मागे ठोकळ्यांनी पाटे कडक झालेले नाहीत, त्यामुळे तिथे स्टँडर्ड शॉकअपच पुरेल. झुलतेय कारण जुने मेलेत. फक्त त्यांचं खालचं टोक कुठे आहे ते बघा. यू बोल्टच्या (पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या बोल्टच्या) प्लेटवर असेल तर लांबी बदललेली नाही. ॲक्सलवर असेल तर ती ठोकळ्याइतकी कमी झालीय, मग आखूड लागतील. यू बोल्ट लांब घेतलेत ना? सगळ्या नटांना पूर्ण आटे मिळालेत ना? ठोकळ्याच्या भोकात सेंटर बोल्टचं (पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टचं) डोकं बसलंय ना? यातलं एकही "नाही" असेल तर गाडी बाहेर काढू नका.

घाटातला_प्रवासी:

आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मापाचा स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आमच्या गल्लीतला पाटावरवंटा उलटा ठेवल्यासारखा आहे. उंची ठरवताना तो मोजा, कागदावरचा नको. आणि उंची बदलली की अलाइनमेंट करा, नाहीतर टायर आतून खातात.

शेडमधली_फियाट:

रविवारी सगळं केलं. उजवीकडचा कणकेचा गोळा पापडाएवढा पातळ झाला. डावीकडे गोळा लावायला गेलो तर बंप रबरच नाही, नुसता गंजलेला बोल्ट! पुढच्या शॉकअपमध्ये उभ्या गाडीत २२ मिमी शिल्लक. मागचं टोक प्लेटवर आहे, नट-बोल्ट ठीक.

ठरवलंय ते असं: गाडीची पुढची चाकं वजनकाट्यावर चढवून वजन घेतो. त्याच जाडीच्या तारेच्या नव्या स्प्रिंगा, टोकं सपाट घासून, चाकाशी ३५ मिमीच खाली बसतील अशा वळवून घेतो. दोन्हीकडे नवी बंप रबरं. पुढचे शॉकअप तेलाचेच, पण आखूड बंद लांबीचे. मागे स्टँडर्ड.

@उद्यमनगरचा_बंड्या, तुमच्याकडे दोनच नग वळून देणारा कुणी आहे का? इथे सगळे शंभराची ऑर्डर मागतात.

उद्यमनगरचा_बंड्या:

आहे की. जुनी स्प्रिंग आणि कापलेला तुकडा, दोन्ही घेऊन ये. तुकडा टाकून दिला नाहीस ना?

शेडमधली_फियाट:

नाही. बाबांनी पेपरवेट केलाय.