मदत हवी आहे: पावसाळ्यात सामायिक भाजीबागेचं खत कसं सांभाळायचं? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

सुदामानगर भागातल्या आमच्या कॉलनीत बागेच्या मागच्या कोपऱ्यात आम्ही काही घरं मिळून भाजी लावतो. उन्हाळ्यात चवळी आणि गिलकी छान आली. ओला कचरा तिथेच जिरवून खत करतो. पाऊस लागला आणि ढीग बसला. वरून ठीक दिसतो, पण फावडं घातलं की आत काळा चिकट गोळा आणि सडक्या अंड्यासारखा वास. लगतच्या घरातल्या काकूंना खिडकी उघडता येत नाही. त्यांची तक्रार रास्तच आहे.

आता रहवासी संघाच्या बैठकीत हा कोपरा फरसबंद करून गाड्या लावायला द्यायचा विषय येतोय. म्हणणं असं की, कचऱ्याची गाडी दारात येते, ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जाऊन त्याचा गॅस होतो, मग इथे घाण कशाला? ती व्यवस्था उत्तमच आहे. पण आमच्या काळ्या मातीचं काय? उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि आता वाफ्यातलं पाणी हटत नाही. तिला खत हवंच, आणि ते दरवेळी विकत आणणं सगळ्यांना परवडत नाही. शिवाय बाजारातली पालेभाजी कुठल्या पाण्यावर वाढली ते कळत नाही. इथली मुलं स्वतः खुडून आणतात.

खत करायची ‘इंदूर पद्धत’ जगभर शिकवतात. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती १९२४ ते १९३१ या काळात इंदुरातच, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे बसवली. या पद्धतीवरच्या त्यांच्या १९३१ च्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. त्याच गावात हा कोपरा खतापायी बंद पडावा, हे मनाला पटत नाही.

त्या पद्धतीत पावसाळ्यात खड्डा न करता जमिनीवर ढीग रचतात, एवढं वाचलंय. पण त्यात शेण भरपूर लागतं. शहरात थोड्या शेणावर भागेल का? आणि या दिवसांत सुका पाला आणायचा कुठून?

प्रतिसाद:

ताई, तो वास म्हणजे आत हवा नाही. ढीग उपसा, निथळू द्या, मग जाड काटक्यांच्या थरावर पुन्हा रचा. एक घमेलं ओल्याला दोन घमेली सुकं. आपल्या माळव्यात सोयाबीनचा भुसा मिळतोच, गावाकडून पोती मागवा. सुताराकडचा भुसाही चालेल, पण प्लायवूडचा नको. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार नको. वर पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. शेण विरजणापुरतं पुरे. शिजलेलं आणि तेलकट अन्न मात्र गाडीलाच द्या, म्हणजे संघाशी भांडणही कमी होईल. उलथापालथ तीनदा तरी करा, साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. पुढच्या वर्षासाठी पानगळीचा पाला आत्तापासून डोक्यात ठेवा, पोती भरून ठेवायची.

वाफे वीतभर उंच करा. पाणी साचतं तिथे अळू लावा. आणि बैठकीआधी ढीग काकूंच्या खिडकीपासून लांब हलवा. त्या तुमच्या बाजूने बोलल्या तर निम्मं काम झालं.