गव्हाच्या भुसाला यीस्ट लावून ते सकस होते का?

प्रश्न : बार्शी, ६ गाईंचा गोठा

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे ६ संकरित होल्स्टीन गाई असून त्यांपैकी ४ सध्या दुधात आहेत आणि प्रत्येकीचे दूध दिवसाला सरासरी १२ लिटर आहे. यंदा आमच्याकडे रब्बी ज्वारीचा पेरा घटला आणि कडबा इतका महाग झाला की पेंड्या मोजून टाकण्याची वेळ आली. म्हणून गव्हाचे भूस २ ट्रॉली विकत घेतले. घरचे सोयाबीनचे भुसकट दिवाळीपासून शेडमध्ये भरलेले आहेच. अडचण अशी की गाई भूस हुंगतात, वरवर खातात आणि सकाळी गव्हाणीत चार बोटे थर तसाच उरतो. दूध टिकवण्यासाठी गोळी पेंड वाढवत गेलो, ती आता गाईमागे ६ किलोवर पोहोचली आहे.

मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली. तीत १०० किलो भुसासाठी पाव किलो बेकरीचे सुके यीस्ट आणि २ किलो गूळ कोमट पाण्यात फेसाळून ते भुसावर शिंपडायला व ताडपत्रीखाली दोन रात्री ठेवायला सांगितले आहे. त्यामुळे भुसातील प्रथिने दुप्पट होतात, असा दावा आहे. दुसरीकडे आमचा दुकानदार यीस्टची पुडी आंबोणातून (भिजवलेल्या खुराकातून) द्यायला सांगतो, तिचा खर्च गाईमागे दिवसाला ७ रुपये येतो. या दोन गोष्टी एकच आहेत की वेगळ्या, आणि माझ्या गोठ्यासाठी कोणती योग्य ठरेल?

उत्तर : पशुवैद्यक, फलटण

दादा, वैरण सुधारणे आणि कोटीपोटाचे, म्हणजे गाईच्या पोटातील चारा आंबवणाऱ्या मोठ्या कप्प्याचे, काम सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत. यीस्टचा उपयोग दुसऱ्या कामात होतो. चित्रफितीत मात्र त्याच्याकडून पहिल्या कामाची अपेक्षा केली आहे.

आधी दाव्याचा हिशेब करू. गव्हाच्या भुसात प्रथिने सुमारे ३ टक्के, म्हणजे १०० किलोत ३ किलो असतात. ती दुप्पट व्हायची तर आणखी ३ किलो प्रथिने कुठून तरी यायला हवीत. सुक्या यीस्टमध्ये प्रथिने साधारण ४५ टक्के धरली, तरी पाव किलोतून जेमतेम ११० ग्रॅम मिळतात. यीस्ट भुसावर वाढेल म्हणावे, तर वाढण्यासाठी त्याला नत्र लागते. ते भुसात नाही, गुळात नाही आणि हवेतला नत्र यीस्टला घेता येत नाही. शिवाय यीस्ट साखर खाते, भुसातील तंतू खात नाही. तंतूंभोवती लिग्निनचे जे कवच असते, ते फोडणारी बुरशी धिंगरी अळंबीच्या कुळातली आहे. यीस्टकडे ती हत्यारे नाहीत. तोटा मात्र नक्की होतो, कारण १ किलो साखर पूर्ण आंबली तर त्यातील सुमारे अर्धा किलो वजन वायू होऊन उडून जाते आणि गाईच्या पोटात जाऊ शकणारा गूळ तेवढा वाया जातो.

ही कल्पना अगदी निराधार मात्र नाही. थायलंडमध्ये खोन केन विद्यापीठात कसावाच्या चकत्या यीस्ट आणि युरियाने आंबवून गाईंना देण्यावर बरेच काम झाले आहे. परंतु कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. तो पिष्टमय असतो आणि तेथे नत्रासाठी युरिया मुद्दाम घालतात. चित्रफितीत कसावाच्या जागी भूस आले आणि युरिया गळला, एवढाच काय तो फरक!

आता दुकानातील पुडीविषयी. जिवंत यीस्ट कोटीपोटात गेल्यावर तेथे चाऱ्या-पाण्याबरोबर आलेला थोडासा प्राणवायू वापरून टाकते. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू बाधतो, त्यामुळे त्यांना वाढायला मोकळीक मिळते. त्याशिवाय लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंनाही चालना मिळून कोटीपोट आंबट होण्याचे प्रमाण कमी होते. गाईमागे ६ किलो गोळी पेंड, तीही दोनच वेळा आणि सोबत अर्धवट खाल्लेले भूस, अशा गोठ्यात आम्लतेचा धोका असतोच, म्हणून तेथे यीस्टला काही काम मिळू शकते. अनेक देशांतील प्रयोग एकत्र करून २००९ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात दुधातील सरासरी वाढ गाईच्या दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम इतकी आढळली. ४०० किलोच्या गाईसाठी ही वाढ सुमारे अर्धा लिटर होते. ७ रुपयांसमोर आपल्या दराने अर्धा लिटर मांडून पाहावे, मात्र ही सरासरी आहे, हमी नव्हे.

भुसासाठी जुनी युरिया प्रक्रियाच करावी. १०० किलो भुसाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, प्रत्येक थर पायाने घट्ट तुडवावा आणि प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावे. आत तयार होणारा अमोनिया तंतूंची बांधणी सैल करतो. प्रथिने ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जातात, भूस तपकिरी व मऊ होते आणि गाई ते अधिक खातात. काढलेला भाग तासभर पसरून डोळ्यांना चुरचुरणारा वास जाऊ द्यावा, मगच गव्हाणीत टाकावा. सुरुवात थोड्याने करून आठवड्याभरात प्रमाण वाढवावे. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागेल असे ठेवणे जिवावर बेतते, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

उत्तर : दूध उत्पादक, संगमनेर

बेकरीच्या यीस्टचा प्रयोग मी गेल्या पावसाळ्यात केला आहे. पहिल्या दिवशी ताकासारखा छान वास आला आणि गाईंनी भूस आवडीने खाल्ले, त्यामुळे मी दुसऱ्या दिवशी मोठा ढीग भिजवला. तिसऱ्या सकाळी हात घातला तर आतून वाफ येत होती, कडेला हिरवट-काळी बुरशी धरली होती आणि दोन गाईंनी नंतर दीड दिवस तोंड फिरवले. ओले भूस झाकून ठेवल्यावर आपण सोडलेले यीस्ट वाढेलच असे नाही, आधीपासून भुसावर असलेली बुरशीही वाढते. डॉक्टरसाहेबांच्या पद्धतीत ती का धरत नाही, असे मला वाटले होते. अमोनिया तिला मारतो, असे नंतर कळले.

पुडीचे जिवंत यीस्ट मी उन्हाळ्यात देतो. माझ्या वहीत दुधाचा फरक कधी दिसतो, कधी दिसत नाही, परंतु पातळ शेणाची तक्रार कमी झाली एवढे खात्रीने म्हणेन. एक सूचना करतो. पुडी घेताना ग्रॅममागे किती अब्ज जिवंत पेशी आहेत आणि मुदत किती आहे, ते वाचावे. मी पहिले पाकीट एप्रिल महिन्यात पत्र्याखाली फळीवर ठेवले होते आणि महिनाभर बहुधा मेलेलेच यीस्ट दिले.

उत्तर : गृहिणी व दूध उत्पादक, शिरोळ

आमच्याकडे गळीत हंगामात उसाचे वाढे फुकट मिळते, म्हणून सगळे तेच टाकतात. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. आम्ही त्यावर चुन्याची निवळी शिंपडतो आणि खनिज मिश्रण चुकवत नाही. त्यालाही यीस्ट हा उपाय नव्हे, एवढे नमूद करते.

युरिया प्रक्रियेबाबत एकच सांगते: पाणी झारीनेच शिंपडावे. आम्ही पहिल्या वर्षी बादलीने ओतले, पाणी तळाशी जमले आणि वरचे भूस कोरडे राहिले.

प्रश्नकर्ता, बार्शी (१२ दिवसांनंतर)

सर्वांचा आभारी आहे. १० क्विंटल भूस युरिया लावून झाकले आहे. मधल्या काळात शेण पिठाच्या जुन्या चाळणीत नळाखाली धुऊन पाहिले. ओंजळभर शेणातून मक्याचे अख्खे व अर्धे मिळून ९ दाणे निघाले आणि बोटाच्या पेराएवढ्या काड्या बऱ्याच होत्या. दुपारी गोठा शांत असताना बसलेल्या ५ गाईंपैकी एकच रवंथ करत होती. यावरून काय समजावे? आणि ४ महिन्यांच्या कालवडीला हे भूस चालेल का?

उत्तर : पशुवैद्यक, फलटण

कालवडीला देऊ नये. सहा महिन्यांखालील वासरांचे कोटीपोट युरियासाठी तयार नसते.

बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक गाई रवंथ करताना दिसायला हव्यात. आपल्याकडे एकच दिसली, याचा अर्थ खाद्य कोटीपोटात पुरेसे न थांबता पुढे सरकते आहे. गोळी पेंड दोनऐवजी तीन-चार वेळांत विभागून, आधी भूस खाऊ घालून मग द्यावी. हा बदल आजपासूनच करावा, त्याला खर्च नाही. मक्याचा भरडा जाड असल्यास बारीक करून घ्यावा.

यीस्ट द्यायचेच असेल, तर युरियाचे भूस सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर द्यावे. दोन्ही एकदम सुरू केल्यास कशाचा गुण आला ते कळणार नाही. दुधातील ४ गाईंपैकी दोघींना द्यावे, दोघींना नको. चार आठवडे सकाळ-संध्याकाळचे दूध लिटरमध्ये लिहावे आणि मग जोड्या बदलून पुन्हा चार आठवडे लिहावे, कारण वेत पुढे सरकेल तसे दूध आपोआप उतरते. यीस्ट कोटीपोटात मुक्काम करत नाही, म्हणून एकही दिवस चुकवू नये. ते गरम आंबोणात किंवा महिनाभराच्या खनिज मिश्रणात एकत्र करून ठेवू नये. रोजच्या रोज थंड आंबोणावर भुरभुरावे. शेण चाळणीत पुन्हा धुऊन पाहावे आणि दाणे मोजून वहीत दुधाशेजारी लिहावेत.