जीन थेरपीनंतर एएलटी उतरेना, स्टिरॉइड कधी थांबणार?

मावशी_औंध
भाच्याला एसएमए टाइप 1 आहे, म्हणजे मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरून स्नायू दुबळे होणारा आनुवंशिक आजार. झोल्जेन्स्मा ही जीन थेरपी देऊन महिना उलटून गेला. पाय हलवायला लागलाय, पण एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) अजून नॉर्मलच्या तिपटीवर, म्हणून डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कमी करत नाहीत. पोराचं तोंड सुजलंय, रात्रभर किरकिर. आजी म्हणतात, स्टिरॉइड बंद करा, गुळवेलीचा काढा द्या. आजार मज्जारज्जूचा, मग यकृताचं काय मध्येच?

कॅप्सिडवाला
आधी काढा थांबवा! 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवलेत. आजींना माझ्यावर रागावू द्या.

मी डॉक्टर नाही, एएव्ही व्हेक्टर, म्हणजे पेशीत जीन पोहोचवणारे निरुपद्रवी केलेले विषाणू, बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे. झोल्जेन्स्मात एएव्ही9 हा प्रकार असतो; शिरेतून दिलेल्या त्या विषाणूचा मोठा वाटा यकृतातच अडकतो. डोस किलोमागे 1.1×10¹⁴ व्हेक्टर जीनोम, म्हणजे जीन भरलेल्या विषाणूंचा आकडा अवाढव्य. विषाणूचं कवच पेशीत तुटतं, त्याचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्या यकृतपेशीवरच तुटून पडतात. प्रेडनिसोलोन त्यांनाच आवरतं. साधारण नियम असा: 30 दिवस पूर्ण डोस, मग एएलटी आणि एएसटी (तसंच दुसरं एन्झाइम) नॉर्मलच्या दुपटीखाली आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मल असेल तरच पुढचे 28 दिवस हळूहळू कमी. तुमचे डॉक्टर बरोबर करतायत. 2022 मध्ये रशिया आणि कझाकस्तानात दोन मुलं यकृत निकामी होऊन गेली. घाबरवायला नाही सांगत, पण स्टिरॉइड परस्पर बंद करू नका.

लेकीचा_बाबा
आमचंही असंच लांबलं होतं. दर आठवड्याला रक्त, शीर सापडायची नाही. एक विचारून घ्या: स्टिरॉइड चालू असताना कुठल्या लसी पुढे ढकलायच्या? गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसींचा प्रश्न असतो. आम्हाला आपणहून कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी_औंध
लसीचं उद्याच विचारते. यकृतात तो जीन बंदच ठेवता येत नाही का?

कॅप्सिडवाला
येतो की. एमआयआर-122 हा छोटा आरएनए यकृतपेशींत भरपूर असतो. त्याची जुळणारी खूण जीनच्या शेपटाला जोडली की यकृतात प्रथिन बनणं जवळपास थांबतं. पण भांडण कवचाशी असेल तर ते तसंच राहतं, कारण कवच पेशीत शिरलेलंच असतं. म्हणून माझ्या मते खरी आशा दोन ठिकाणी: यकृत टाळून हव्या त्याच पेशींत जाणारी नवी कवचं, म्हणजे कमी डोस पुरेल, आणि जीन नसलेली रिकामी कवचं गाळून टाकणं. ती नुसतीच प्रतिकारशक्तीला डिवचतात. आमचा निम्मा वेळ त्या गाळण्यातच जातो.

पुढचा रिपोर्ट आला की बिलिरुबिनही लिहा, नुसतं एएलटी नको.