‘नॉन-रिस्पॉन्स बायस’ : पूर्वग्रह म्हणावं का?

प्रश्न :
भाची इथे इंदूरलाच स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. रामबागेत घरोघर फिरून तिनं विचारलं, कामाला कशानं जाता? सिटी बस, मॅजिक (छोटी प्रवासी व्हॅन), ई-रिक्षा की स्वतःची गाडी? दुपारी दारं उघडली ती बहुतेक निवृत्त मंडळींनी. पीथमपूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला गेलेल्यांच्या दाराला कुलूप. उत्तर न देणाऱ्यांमुळे निष्कर्ष असा एका बाजूला झुकतो, त्याला इंग्रजीत ‘नॉन-रिस्पॉन्स बायस’ म्हणतात. तिच्या टिपणात मी त्यासाठी ‘अप्रतिसादाचा पूर्वग्रह’ लिहिलं, पण खटकतंय. पूर्वग्रह मनात असतो, इथं कुणाच्या मनात काहीच नव्हतं. ‘पक्षपात’ म्हटलं तर हेतू चिकटतो.

प्रतिसाद १ :
ताई, ‘अभिनती’ घ्या. हिंदी संख्याशास्त्रात ‘अभिनति’ रुळलेला आहे, आपल्या इंदूरकरांच्या कानाला परका वाटणार नाही. धातू नम्, म्हणजे वाकणं. उन्नती, अवनती, प्रणती ही त्याचीच भावंडं. एका बाजूला झुकणं, एवढाच अर्थ. दोष कुणाच्या माथी येत नाही.
‘अप्रतिसाद’ मात्र जपून. कुलूपबंद घर म्हणजे अप्रतिसाद. सगळं सांगितलं आणि उत्पन्नाचा रकाना तेवढा रिकामा सोडला, तर तो प्रश्न ‘अनुत्तरित’. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तर दोन्ही वापरू या. ‘निरुत्तर’ नको, तो वादात हरलेला माणूस.

प्रतिसाद २ :
काकांचं पटलं. भर एवढीच, की अप्रतिसाद झाला म्हणजे अभिनती आलीच असं नाही. न बोललेले लोक बोललेल्यांपेक्षा वेगळे असतील तरच ती येते. उलट उत्तरांचा ढीग पडला तरी ती जात नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि तरीही रूझवेल्ट हरणार हे भाकीत साफ कोसळलं.
आणि अभिनती कशाची, तेही लिहा. प्रवासाचं साधन निवडण्याच्या लॉजिट प्रतिमानात, म्हणजे कोण कोणतं साधन निवडेल याची शक्यता काढणाऱ्या गणिती सूत्रात, प्रत्येक साधनाला आपला स्थिरांक असतो, म्हणजे वेळ-भाडं सोडून त्या साधनाकडे असलेला सरासरी कल. लोक गळण्याचं प्रमाण फक्त निवडलेल्या साधनावर अवलंबून असेल, तर हे स्थिरांकच झुकतात; वेळेचे आणि भाड्याचे गुणक, म्हणजे निवडीत त्यांना किती वजन आहे ते सांगणारे आकडे, शाबूत राहतात. शहरात कोणत्या साधनाचा वाटा किती, हे बाहेरून कळलं तर स्थिरांक दुरुस्तही करता येतात. पण घाईत असलेलेच उत्तर टाळत असतील आणि ती घाई प्रतिमानात कुठेच आली नसेल, तर गुणकही वाकतात. म्हणून ‘स्थिरांकांची अभिनती’, ‘गुणकांची अभिनती’ असं वेगळं लिहावं.

प्रश्नकर्ती :
‘अप्रतिसादजन्य अभिनती’ लिहिलं. ‘जन्य’ मुद्दाम ठेवलं, कारण दोन्ही एकच नाहीत हे त्यात दिसतं. भाची रविवारी सकाळी त्याच कुलूपबंद घरांकडे पुन्हा जाणार आहे.